पाजायची किटली

एका किटलीसाठी कुणी पुण्याहून परभणीला जातं का, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी बॅगेत मऊ टॉवेल भरत होते. टॉवेल किटलीसाठीच होते, त्यामुळे त्याने पुढे काही विचारलं नाही.

जुने, हाताने रंगवलेले चिनी मातीचे कप जमवायचा नाद मला आईकडून लागला. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना आमचा माशीवाला संच ठाऊक आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. हैदराबादच्या जुन्या बाजारात आई आणि मी मिळून तो घेतला. सहा कप, सहा बश्या, जांभळी फुलं आणि प्रत्येक कपावर कुठेतरी एक मधमाशी. एकीचे पंख मिटलेले, एकीचे पसरलेले, एक तर चक्क पाठ फिरवून बसलेली. छापील असत्या तर सगळ्या सारख्या असत्या. बोट फिरवलं की रंगाचा बारीक उंचवटा लागतो. तळाला पुसट अक्षरांत ‘जर्मनी’ एवढंच वाचता येतं.

संचाबरोबर किटली मात्र नव्हती. दुकानदार म्हणाला, निजामाच्या राज्यात राहिली असेल कुठेतरी. म्हणजे पार मराठवाड्यापर्यंत कुठेही. आईने तिथल्या तिथे ठरवलं की किटली सापडेपर्यंत या कपांतून चहा प्यायचा नाही. आई आता ऐंशीच्या पुढे आहे आणि कप अजून कोरडे आहेत. हल्ली ते पुसताना ती म्हणते, माझ्या हयातीत काही जमायचं नाही. मला ते ऐकवत नाही.

तर झालं असं, की त्या कपांचे फोटो मी इथे टाकले आणि परभणीच्या मंजूषा या वाचक शिक्षिकेचा निरोप आला. पोखर्णीजवळ एका मेंढपाळ कुटुंबात तिने अगदी अशीच माशी असलेली किटली पाहिली होती. तिने फोन नंबरही विचारून घेतला. मी फोन केला, तो घरच्या गयाबाईंनी उचलला. किटली चांगली आहे का, वापरात आहे का, असं मी घाबरत घाबरत विचारलं.

“हाय की,” गयाबाई म्हणाल्या. “दिवसातून चार-पाच बार पाजायलोत तिच्यातून.”

फोन ठेवला आणि मला भरून आलं. आम्ही कप कपाटात कोंडून बसलो होतो आणि इकडे हे घर आल्यागेल्याला जर्मन किटलीतून चहा पाजत होतं, तोही दिवसातून चार-पाचदा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, एवढं अगत्य असेल तर किटली देतील कशाला?

संक्रांत नुकतीच झाली होती. मराठवाड्यात जायचं तर हेच दिवस धरा, उन्हाळ्यात जायचा हट्ट करू नका. पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी परभणीला सोडते. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला मी पहिल्यांदाच आलेय कळल्यावर त्याने ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकवलंच. मी म्हटलं, माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे, मी दोन्ही जोडायलाच आलेय. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

नाश्त्याला सुशीला खा. चुरमुरे भिजवून केलेला हा प्रकार पोह्यांचा भाऊ असला तरी स्वभावाने मोकळा आहे. वर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. वीस-तीस रुपयांत दुपारपर्यंत निभावतं. मंजूषा तिथेच भेटली, आणि आम्ही दोघी काळीपिवळीत बसलो. ही जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ‘भरली’ ही गोष्ट ड्रायव्हर ठरवतो. नाजूक सामान असेल तर पुढची सीट धरा. मागे बसलात तर उतरताना हाडं आणि कप दोन्ही तपासून घ्यावे लागतील. मी आमच्या संचातला एक कप जुळवून बघायला बरोबर घेतला होता, तो वाटभर पोटाशी धरून होते.

पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन घेतलं. नवस बोलले नाही, किटलीचा नुसता उल्लेख केला. तिथून आतल्या रस्त्याला दोन्हीकडे ज्वारी डोक्याइतकी उभी होती.

गयाबाईंचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे मोठं अंगण. नवरा मेंढरं घेऊन रानात गेला होता. कोपऱ्यात टोपल्यांखाली लहान कोकरं झाकलेली. गयाबाईंनी बाज टाकली, पाणी दिलं आणि लगेच चहा आणला, स्टीलच्या ग्लासात. मी ग्लासाकडे बघत बसले. पाहुणी पुण्याहून आली म्हणून किटली जपून ठेवली की काय?

शेवटी न राहवून विचारलं, किटली कुठे आहे.

“थांबा की, त्याची येळ झालीच,” असं म्हणून त्यांनी आतून किटली आणली. जांभळी फुलं, दांड्याशी मधमाशी. झाकण नाही. चोचीला पांढरी चिंधी गुंडाळलेली. आत शेळीचं कोमट दूध. त्यांनी एक टोपली उचलली, खालचं काळं कोकरू मांडीवर घेतलं आणि किटलीची चोच त्याच्या तोंडात दिली. कोकराची शेपटी थरथरायला लागली.

मंजूषाने माझ्याकडे पाहिलं आणि पदराआड हसायला लागली. ‘पाजायलोत’ म्हणजे काय, ते मला आत्ता कळत होतं. पाहुण्याला चहाही पाजतात आणि बिनआईच्या पिल्लाला दूधही. मी पुण्यात बसून त्यातलं मला हवं ते ऐकलं होतं.

त्या कोकराची आई व्यायल्यावर दोनच दिवसांत मेली. बाटलीचं रबरी निपल ते तोंडात धरेना. गयाबाईंच्या सासूने बिनआईची कोकरं याच किटलीवर जगवली होती. ती गंगाखेडला एका घरी कामाला होती. ते लोक घर मोडून हैदराबादला गेले, जाताना झाकण फुटलेली किटली तिला देऊन गेले. गयाबाई सांगत होत्या आणि मी मनात जुळवत होते. कप हैदराबादला गेले आणि किटली इथे राहिली, असं असेल का? खात्री कुणीच देऊ शकणार नाही. पण मी बॅगेतून कप काढून किटलीशेजारी धरला, आणि माशीच्या पंखांची तीच निळी रेघ होती.

गयाबाईंनी कप हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. याच्यातून काय पिता, त्यांनी विचारलं. काहीच नाही, मी म्हणाले, आणि आईचं सगळं सांगितलं.

“मग तुमची भांडी उपाशीच म्हणा की,” त्या म्हणाल्या.

मी किमतीचं बोलणार होते. नोटा पर्समध्ये वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. पण तेवढ्यात गयाबाईंना चुलीकडे जायचं होतं, त्यांनी कोकरू आणि किटली दोन्ही माझ्याकडे दिलं. हात सरळ धरला की धार बारीक येते, एवढंच सांगितलं. माशी माझ्या अंगठ्याखाली होती. कोकरू ढुशा देत पीत होतं. इतकी वर्षं शोधलेली वस्तू माझ्या हातात होती आणि ती मागायला तोंड उघडेना. ते झाडपाला खायला लागलं की कळवा, एवढं सांगून मी उठले. बघू की, असं गयाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मंजूषाने हुरडा खायला घातला, वर लसणाची चटणी. परतीच्या गाडीत टॉवेल घडी न मोडता तसेच होते.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती ‘उपाशी भांडी’ यावर बराच वेळ हसली. त्यानंतर ती माझ्याकडे किटलीची नाही, कोकराची चौकशी करायची. उभं राहतं का, बाकीच्या कळपात जातं का. मीही फोन करून विचारायचे. खरं सांगते, गेली कित्येक वर्षं आमच्या घरात त्या कपांचं एवढं आनंदाने बोलणं झालं नव्हतं.

काल गयाबाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

“कोकरू आता पाला खायलंय,” त्या म्हणाल्या. “किटली राखेनं घासून, उकळून ठेवलीय. कप घेऊन या. आता तुमाला पाजते.”

देते म्हणाल्या नाहीत, विकते तर नाहीच नाही. पाजते म्हणाल्या. या वेळी मी नीट ऐकलं.

आई उठून कपाटाशी गेली होती. एकेक कप टॉवेलात गुंडाळत तिने विचारलं, “त्या काळीपिवळीत मला पुढची सीट मिळेल ना? कप माझ्या मांडीवर राहतील.”