अल्ट्राक्रेपिडेरियन स्थळ

बेलवलीच्या घरी मी सकाळी पोहे परतत होते. तेवढ्यात लेकीने मोबाईलवर आलेला आजचा इंग्रजी शब्द मोठ्याने वाचला. अल्ट्राक्रेपिडेरियन. माझा कालथा कढईतच थांबला.

हा शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकला होता. कुळगावच्या माझ्या माहेरी, मला बघायला आलेल्या मुलाच्या तोंडून. तो बूट न काढताच आत येऊन बसला होता. चकचकीत तपकिरी बूट. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता त्याने मला विचारलं, "अल्ट्राक्रेपिडेरियन म्हणजे काय, सांगा बरं?"

मी बाबांकडे बघितलं. मग त्यानेच सांगितलं, "अतिशय ज्ञानी माणूस. लॅटिनमधून आलाय."

"वा! काय वाचन आहे!" बाबा म्हणाले. मामाने नंदीबैलासारखी मान हलवली. चार दिवसांनी निरोप आला, मुलीचं इंग्लिश कच्चं आहे. बाबांनी मला लगेच उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या इंग्लिश स्पीकिंग क्लासला घातलं. बघण्याच्या त्या कार्यक्रमात मीच तेवढी मठ्ठ होते, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

"अर्थ काय गं त्याचा?" मी लेकीला विचारलं.

"ज्यातलं काही कळत नाही, त्यावर अक्कल पाजळणारा. एका चप्पल बनवणाऱ्याने चित्रातल्या चपलेची चूक काढली, मग पायालाही नावं ठेवायला लागला. चित्रकार म्हणाला, चपलेच्या वर जाऊ नकोस. त्यावरून आलाय."

मी पोह्यांवर झाकण ठेवलं. मेल्याचे बूट मात्र खरंच छान होते. तेवढेच दाखवून जायचं होतं.