तुपाचे दिवस

पाळी चुकली म्हणजे दिवस गेले, एवढंच शास्त्र मला ठाऊक होतं. त्याच्या जोरावर मी अख्ख्या घराला फसवलं, आणि सगळ्यांत आधी स्वतःला.

आम्ही मद्रासला मैलापुरात राहायचो. घर तंजावरकडचं, सोवळ्याओवळ्याचं. पाळी आली की बायकांनी मागच्या पडवीत बसायचं. त्यामुळे सुनेच्या पोटातली बातमी तिच्याआधी शेजारणीला कळायची. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि मी तीन महिने पडवीकडे फिरकले नव्हते. सासूबाईंनी विचारलं काही नाही. ताटातलं तूप मात्र वाढत गेलं. सकाळी केसरी, म्हणजे तुपात थबथबलेला शिरा, दुपारी साखरभात. "दोन जिवांची आहेस, खा." दोन्ही जिवांचं मी एकटीच खात होते. आधीच मी अशी जाडजूड, की दार जरा जपूनच ओलांडावं. माहेरीही माझी पाळी महिनोन्महिने दडी मारायची, हे मला माहीत होतं. पण केसरी गरम असताना असलं कोण आठवतं?

शेवटी सासूबाईंनी लेडी डॉक्टरकडे नेलं. तपासून ती शांतपणे म्हणाली, "अम्मा, इथं मूल नाही. अंगावर चरबी फार वाढली की काहीजणींच्या बीजकोशातून बीज वेळेवर सुटत नाही. मग पाळी येत नाही, दिवसही राहत नाहीत. थोडं वजन उतरलं तरी पुष्कळदा फरक पडतो."

तोवर घरात वाद एवढाच होता, की खोट माझी की नशिबाची. शरीराचंही काही म्हणणं असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. परत येताना रिक्षात मी मनात म्हटलं, आता आपली पाठवणी माहेरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच मला उठवलं. देवळाच्या तळ्याभोवती आम्ही फेऱ्या घालू लागलो. शेजारणीला त्यांनी नवस असल्याचं सांगितलं. तूप बंद, केसरी बंद. मी वाटेत बसकण मारली, की त्या पदर धरून उठवायच्या.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकले आणि म्हणाले, "मी बाहेर बसते." चार वर्षं हे वाक्य ऐकून त्यांचा चेहरा पडायचा. त्या दिवशी त्यांनी पळी खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बैस पोरी, खुशाल बैस. ताट मी आणून देते. तुपाची वाट मात्र बघू नकोस."