भरल्या पानावरनं उठले

"सांड ते. समदं सांड. तळापातूर."

पाटील दावणीच्या टोकाला उभा हुता. हातात वेताची काठी. मी काय केलं हुतं? दगडी दोणीतनं ओंजळभर पाणी प्याले हुते, एवढंच. चैताचं ऊन. सकाळधरनं शेण काढत हुते, घशाला कोरड पडली हुती. माझ्या शेजारी खिलारी बैल त्याच दोणीत नाक बुडवून प्याला. त्याची लाळ पाण्यावर तरंगत हुती. ती हातानं बाजूला सारली आन मी प्याले.

बैलाला कोण काय म्हणलं न्हाई.

मला मात्र पुरी दोण उपसाय लावली. मग गड्यानं आत गोमूत्र शिंपडलं, आन पाणी बी त्यानंच भरलं. माझ्या हातानं भरलेलं बैलांना चालत नव्हतं म्हणं. बैलाचं उष्टं मला चालत हुतं. माझं उष्टं बैलाला चालत नव्हतं. मी तवा परकर-पोलक्यात हुते, पर एवढं कळायला काय शाळा लागत न्हाई.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणली, "आपल्या विहिरीवर ये की गं प्यायला. दुसऱ्याच्या दोणीत कशाला तोंड घालतीस?"

आपली विहीर. आमच्या महारवाड्याची. माझ्या आज्यानं आन त्याच्या भावकीनं खणलेली. तिच्याआधी आमच्या बायका गावच्या आडाशी रिकामी घागर घिऊन बसायच्या, "घाला की वं बाई पाणी" करत. कुणाला दया आली तर वरनं धार सोडायची, न्हाई आली तर दिवस तसाच जायचा. ती विहीर झाली तवा आमची माणसं पयल्यांदा मनात आलं तवा पाणी प्याली.

आन त्या विहिरीच्या वरच्या अंगालाच पाटलाची दावण. लढाई लागल्यापासनं पाटलाचं नशीब उघडलं हुतं. जतच्या बाजूची ढोरं घ्यायची, सरकी-पेंड चारून फुगवायची, मिरजेला नेऊन रेल्वेत घालायची. पलटणीला. तिथं त्या ढोरांचं काय हुतं ते गावाला ठावं हुतं. पर सप्त्याला पयला नारळ पाटलाचा, मग बोलतंय कोण? ढोरं वाढली तसं मूत वाढलं. मागच्या पावसाळ्यात विहिरीचं पाणी पिवळं झालं. आई फडकं दुहेरी करून गाळायची, तरी वास जात नव्हता. बारकी पोरं हगवणीनं सुकली.

आन आता पाटलाला दावण वाढवायची हुती. मधली सरकारी पड जमीन पायजे हुती त्याला. पार विहिरीच्या काठापातूर.

त्यासाठी तालुक्याचा साहेब येणार हुता. जागा बघणार, चावडीवर बसून गावाला इचारणार, कुणाची हरकत हाय का. ते आमाला कळलं माझ्या बापाकडनं. त्याची येसकराची पाळी हुती. चावडी झाडायची, सडा टाकायचा, साहेबाच्या घोड्याला पाणी दावायचं. बा म्हणला, "गुरवारी येणार हायत."

त्याच सांजेला पाटलाचा गडी वस्तीत आला. लय गोड बोलत हुता. म्हणला, "गुरवारी आंबराईत पंगत हाय बरं का. समद्या वस्तीला आवतण. म्हातारीकोतारी, लेकरंबाळं, कुणी मागं ऱ्हायचं न्हाई. खपलीची खीर हाय."

खीर! रेशनचं दिवस. जुंधळ्याचं पीठ बी मोजून मळत हुतो. वस्ती नुसती आनंदली.

माझ्या आईचा मात्र कुणावर इस्वास नव्हता. कुणी गुळाचा खडा दिला तरी हुंगून बघायची. ती चुलीम्होरं बसली आन म्हणली, "पाटलाची लेक उजवली तवा आपल्याला उकिरड्यापाशी बसवून वाढलं. आन आता आंबराईत पंगत? पार वढ्याच्या पल्याड? आन तेबी गुरवारीच?"

बा म्हणला, "मिळतंय तर खावा की. तुजं डोस्कं लय चालतं."

"चालतं म्हणून तर जित्ती हाय," आई म्हणली.

गुरवारी गेलो आमी. समदी गेली. बा तेवढा चावडीवर. आंबराईत सावलीला पंगत धरली. पत्रावळ्या, द्रोण, वाफाळलेली खीर, वर खोबऱ्याचा कीस. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला सांगू? लय भूक हुती. पाटलाचा गडी पंगतीतनं फिरत हुता. "सावकाश हुंद्या. घाई न्हाई. कुणी उठायचं न्हाई बरं, अजून भात यायचा हाय."

कुणी उठायचं न्हाई. हे त्यो परत परत म्हणत हुता.

मी मान वर केली. गावाकडच्या वाटंवर पाटलाचा दुसरा गडी काठी घिऊन उभा. आता मला सांगा, जेवणाऱ्या पंगतीला राखण कशाला लागती? आमी काय खीर घिऊन पळणार हुतो?

माझा घासच थांबला. तिकडं चावडीवर साहेब इचारत असंल, हरकत हाय का. आन आमी हितं बोटं चाटत बसलोय.

मी उठले.

भरल्या पानावरनं उठायचं न्हाई, अन्नाचा अपमान हुतो, हे आईनंच शिकवलेलं. बारीक असताना एकदा उठले तर पाठीत धपाटा घातला हुता तिनं. मी तिच्याकडं बघितलं. तिच्या पत्रावळीवरची खीर तशीच हुती, बोट लावलं नव्हतं. ती हळूच म्हणली, "जाताना विहिरीचं पाणी घिऊन जा."

वाटंवरच्या गड्यानं अडवलं. "कुटं गं?"

"पोटात कळ आली."

त्यानं नाक मुरडलं आन सोडली. मी वढ्यातनं पळत सुटले. घरातनं तांब्या घेतला, विहिरीतनं भरला आन तशीच चावडीम्होरं.

वर खुर्चीत साहेब. घोंगड्यावर गावची मोठी माणसं. खाली पायरीच्या पल्याड माझा बा, हात जोडून. आमच्यातल्या कुणी पायरीवर पाय ठेवायचा नव्हता.

साहेब इचारत हुता, "महारवाड्यातलं कोणीच कसं दिसत नाही?"

पाटील म्हणला, "त्यांची कसली आलीय हरकत, साहेब? त्यांच्याच पोरी राबत्यात की दावणीवर. शेणामुतात जल्मलेली माणसं. त्यांच्या नाकाला काय कळतंय?"

समदी हसली. माझा बा बी हसला.

मार मी लय खाल्लाय. पर त्या हसण्याएवढं काय लागलं न्हाई मला. त्याला हसू आलं नव्हतं. पाटील हसला म्हणून त्यो हसला. डोळं तर भिऊन गेलं हुतं त्याचं. माझ्या अंगाची आग झाली. पाटलाचा राग आला, बाचा आला, तोंडात घोळणाऱ्या त्या खिरीच्या गोडीचा बी आला.

"आमची हरकत हाय," मी म्हणले.

"कोण बोललं?" साहेब.

"दावणीवरची पोरगी हाय. खुळी हाय जरा," पाटील म्हणला. मग माझ्याकडं वळून, "ए, चल निघ."

"खुळी न्हाई मी. साहेब, वस्तीला आंबराईत जेवाय बसवलंय. वाटंवर काठीवाला उभा केलाय. ह्ये आमच्या विहिरीचं पाणी. दावणीचं मूत मुरतंय त्यात. आता बैल काठावर आणणार. एक घोट घ्या, मग सही करा."

मी तांब्या म्होरं धरला. पिवळं पाणी. वास सुटला हुता.

पाटील ओरडला, "खाली ठेव! चावडी बाटवतीस व्हय गं?"

साहेबाचा हात जरा म्होरं आला. मग मागं गेला. त्यानं रुमाल काढून नाकाला लावला. हात पाण्याच्या वासानं मागं गेला का माझ्या हातानं, ते मला आज बी ठावं न्हाई. मी तांब्या पायरीवर ठेवला. कुणीच त्याला हात लावला न्हाई.

"आज सही नको," साहेब म्हणला. "मी पुन्हा येऊन विहीर बघेन." आन उठून पाटलाच्या वाड्यावर जेवाय गेला. खीरच आसंल.

सांजेला बानं मला मारलं. दावणीवरचं काम गेलं. शेजारच्या म्हातारीनं बोटं मोडली, "भात यायचा हुता गं भवाने, तुज्यापायी पंगत मोडली." समदी माझ्यावरच चिडलेली. साहेबानं विहीर बघतो म्हणलं म्हणून मी काय हुरळले नव्हते. ज्याला घोट घेववला न्हाई, त्यो वाकून बघणार व्हय?

थोडं दिवस गेलं आन पाटलाचा गडी परत आला. तसाच गोड. "परवा पंगत हाय आंबराईत. या टायमाला बुंदी हाय."

वस्ती गोळा झाली. माझी आई दारातनं म्हणली, "दादा, परवा चावडीवर कोण येणार हाय?"

गडी खाली बघत पायानं माती उकराय लागला.

त्याचं ते माती उकरणं समद्यांनी बघितलं. बोटं मोडणाऱ्या म्हातारीनं बी बघितलं. ती एकदा विहिरीकडं बघती, एकदा गड्याकडं. माझा बा खाली मान घालून बसला हुता, त्यानं ती वर केली.

मग मी बोलले.

"बुंदी नेऊन त्या दोणीत घाल. बैल खातील. पाटलाला सांग, परवा आमी समदी चावडीवर असू. समदी. आन या टायमाला पायरीच्या खाली न्हाई."