न छापलेला खुलासा

हे लिहिण्याआधी मी दोघींनाही विचारलं. दीपमाला म्हणाली, "माझं नाव घाला, काकू." दुसरी म्हणाली, "लिहा, पण माझं नाव नको." म्हणून तिला मी नुसती दुसरी म्हणणार आहे. खोटं नावसुद्धा देणार नाही. खोट्या नावाने काय होतं ते मी पाहिलं आहे.

गोष्ट २००७ सालची. वारज्यातल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी हिंजवडीत काम करणाऱ्या दोघी मुलींना भाड्याने दिल्या होत्या. मी काही प्रेमळ घरमालकीण वगैरे नव्हे. टाकी वाहिली की बोलायचे, जिन्यात चपला दिसल्या की बोलायचे. दीपमाला अकोल्याच्या एका शिक्षकाची मुलगी. कॉलसेंटरमध्ये रात्रभर परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सकाळी कंपनीच्या गाडीतून उतरायचं. जिना चढण्याचंही त्राण तिच्यात नसायचं. अमरावतीच्या योगेशशी तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, त्यांच्याकडे साक्षगंध म्हणतात. त्याचा फोन यायचा तेवढ्या वेळापुरती ती दमलेली दिसायची नाही.

मार्चमध्ये दुसरीवर दोघींच्या कंपनीतल्याच एका माणसाने अत्याचार केला. पोलिसांत तिच्याबरोबर दीपमालाच गेली. दोघी परत आल्या तेव्हा मी दार उघडलं, आणि जिन्यात राहिलेल्या त्यांच्या चपला मीच उचलून कडेला ठेवल्या.

दुसऱ्याच दिवशी श्याम नावाचा एक तरुण वार्ताहर सरळ जिना चढून वर गेला. मी मागोमाग पोचले तोवर दीपमालाने दार अर्धंच उघडलं होतं.

"ताई, दोनच मिनिटं. नाव छापणार नाही."

"बोलायचं नाहीये."

"निदान आपलं नाव?"

"दीपमाला. आणि जाताना खालचं गेट लावून घ्या."

गेट त्याने लावलं. बातमीही लावली. अत्याचार झालेल्या मुलीचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने नाव बदललं. बदलून कोणतं घालावं हे ऐनवेळी सुचलं नसणार. कानात राहिलेलं घातलं. 'वारज्यात राहणारी, हिंजवडीतल्या कॉलसेंटरमध्ये काम करणारी दीपमाला (नाव बदलले आहे)'. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशीचा पेपर दीपमालाने दुसरीच्या हाती लागू दिला नाही. गल्लीचं काय करणार? समोरच्या राधाबाईंनी कंसही वाचला होता. "तसं लिहावं लागतं हो त्यांना," त्या मला म्हणाल्या. "नाव खरंच असतं." आठवडाभरात कात्रण अकोल्यात पोचलं. गावचं कोणी ना कोणी हिंजवडीत असतंच.

वडिलांचा फोन आला. "बाई, पेपरात तुझं नाव आलं म्हणतात. योगेशच्या घरचे विचारून राहिले. ती तू नाहीस, एवढं पेपरवाल्यांकडून छापून घे, म्हणजे मिटलं."

मला तर तेवढंच हवं होतं. तिची झोपेची वेळ मोडून मी तिला रिक्षात घातलं आणि पेपरच्या कचेरीत नेलं. तिथले उपसंपादक रंगनाथराव तिच्याइतकेच दमलेले दिसत होते. तोंडाला येईल ते मी त्यांना बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, कायदा आम्ही मोडलेला नाही. खरं नाव छापलं नाही, बदललंय हेही छापलं. पण चूक झाली. खुलासा देतो." त्यांनी कागद ओढला आणि लिहून वाचून दाखवलं. 'वारज्यात राहणाऱ्या दीपमाला यांचा या घटनेशी संबंध नाही.'

"छापा," मी म्हणाले. "मोठ्या अक्षरांत छापा."

"नको," दीपमाला म्हणाली.

मला वाटलं, झोपेत आहे पोरगी.

"काकू, वर आम्ही दोघीच राहतो. मी नाही म्हटल्यावर कोण उरतं?"

रंगनाथरावांनी पेन खाली ठेवलं. "खरं आहे," ते म्हणाले. "ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, असा कायदा आहे. मग हाही छापता येणार नाही." कागद त्यांनी फाडला. मी जन्मभर पेपरवाल्यांना नावं ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदा एक पेपरवाला शहाण्यासारखं वागला, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

परतताना मी रिक्षात तिला खूप सुनावलं. तुझ्या लग्नाचं काय, आईबापांचं काय, इतकं चांगलं वागून तुला कोणता पुरस्कार मिळणार आहे? ती डोळे मिटून बसली होती. "काकू, तिला अजून रात्री दिवा बंद करवत नाही," एवढंच म्हणाली.

रविवारी योगेशचा फोन आला तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात चहा घेत होती. तिच्या फोनचा आवाज एवढा मोठा, की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"दीपा, मला फक्त एवढंच सांग, ती तू नाहीस ना? मग घरच्यांचं मी बघतो."

नाही म्हणणं खरंच होतं, आणि योगेशशी तरी तेवढं बोलायला कोणताच कायदा आड येत नव्हता. म्हण बाई, असं मी मनातल्या मनात विनवत होते.

"आणि मी असते तर?" तिने विचारलं.

पलीकडे कोणाचा तरी टीव्ही चालू होता. त्याने तो बारीक करायला सांगितलं.

"असं काय बोलतेस? तू नाहीस ना, मग झालं."

"झालं नाही, योगेश. मी असते तर तू घरच्यांचं काय बघितलं असतंस, ते सांग."

त्याने सांगितलं नाही. तिने फोन बंद केला. रडली नाही. मीच पदराने डोळे पुसत बसले आणि त्याला शिव्या घालत राहिले. तिने कप विसळून पालथा घातला.

"वर तिला यातलं काही बोलू नका," ती म्हणाली, आणि रात्रपाळीच्या गाडीसाठी आवरायला गेली.