सरोजाचं एनएलपी आणि माझा जळफळाट

चौदा वर्षं कानाला हेडसेट लावून बसलं की इतकं काही साठतं, की सांगायला बसले तर तुमची कॉफी तीनदा गार होईल! पण कुंभकोणमच्या आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले माझे खास किस्से एकाच बाईचे. सरोजाचे. माझ्यानंतर आठ वर्षांनी नोकरीला लागलेली, माझ्यासारखीच तंजावरी मराठी घरातली. मला ‘कमलाक्का’ म्हणायची.

नव्वदीच्या सुरुवातीला मद्रासला पाच दिवसांचं ट्रेनिंग निघालं. न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे एनएलपी. आपलं बोलणं आणि विचार बदलून स्वतःला घडवायचं म्हणे. जागा एकच. एक्स्चेंजमधला सगळ्यात चांगला आवाज माझा, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

गेली सरोजा!

*

परत आल्यावर पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला. एकाने तिरुप्पनंदाळ गावचा नंबर मागितला, हिने साक्कोट्टै गाव जोडून दिलं. सुपरवायझर धावत आले. सरोजा शांतपणे म्हणाली, “सार, अपयश असं काही नसतंच. असतो तो फक्त फीडबॅक. पुढच्या वेळी नंबर परत म्हणून घेईन.”

सार खूश!

आठवड्याने माझ्याकडून तीच चूक झाली. मी म्हटलं, “सार, फीडबॅक.”

मला मेमो मिळाला.

*

एनएलपीचं आणखी एक तत्त्व म्हणजे समोरच्याच्या सुरात सूर मिसळायचा. मग त्याला आपण त्याच्यातलेच वाटतो. सरोजा हळू बोलणाऱ्याशी हळू बोलायची, घाईतल्याशी भराभर. लोक तिचं नाव विचारायला लागले. इतक्या वर्षांत माझं कोणी विचारलं नव्हतं!

मीही ठरवलं. नेमका एक कापडवाला ओरडतच लाइनवर आला, “तासभर झाला, कॉल कुठाय माझा?”

मी सूर मिसळला. त्याच्याच पट्टीत.

तक्रारीत त्याने लिहिलं, ‘या बाईने माझ्यावर माझ्यापेक्षा मोठ्याने आवाज चढवला.’

*

एकदा पुण्याहून एक गृहस्थ लाइनवर आले. मी हौसेने मराठीत बोलले. तीनशे वर्षांपूर्वी आमचे लोक इकडे घेऊन आले, ती आमची मराठी. ते हसत सुटले. “बाई, तुम्ही शिवाजी महाराजांच्या काळातून बोलताय का?”

मी लाल होऊन हेडसेट सरोजाकडे दिला. तिने दोन मिनिटं त्यांचं बोलणं ऐकलं, मग अगदी त्यांच्यासारखीच बोलायला लागली.

जाता जाता ते म्हणाले, “अरे वा! पुण्यात कुठल्या पेठेत राहायच्या तुम्ही?”

तिने मद्रासच्या पलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

हे मी घरीही सांगितलेलं नाही. एका सकाळी लवकर जाऊन मी तिची चांगली खुर्ची माझ्याकडे ओढली आणि करकरणारी तिच्या जागी ठेवली. सगळ्यांनी पाहिलं. आता भांडेल म्हणून मी तयारच होते.

ती बसली. खुर्ची करकरली. ती म्हणाली, “प्रत्येक वागण्यामागे काहीतरी चांगला हेतू असतो. दुपारी मला डुलकी लागते ना, म्हणून अक्कांनी दिली असणार.”

सगळे हसले. माझ्याकडे बघून!

*

मग दोन नव्या मुली आल्या. सार म्हणाले, “यांना सरोजा शिकवेल.”

इथे माझा धीर सुटला. आजवर प्रत्येक नवी मुलगी माझ्याच हाताखाली तयार झाली होती. सरोजा मुलींना सांगत होती, “एकाला जे जमतं ते दुसऱ्यालाही जमतं. ज्याला उत्तम जमतं त्याला निरखायचं आणि सगळं टिपून ठेवायचं.” ती टिपणाची वही तिच्या टेबलावरच होती.

ती जेवायला गेली आणि मी वही उघडली. मद्रासला असं काय शिकवलं, बघूच एकदा!

मराठीच होती, पण तमिळ अक्षरांत. आम्ही घरी लिहितो तशी.

‘कमलाक्का. वणक्कम म्हणण्याआधी श्वास घेतात. गिऱ्हाइकाचं नाव एकदाच घेतात, पण हळू. कोणी रडत असेल तर म्हणतात, घाई नाही, मी आहे लाइनवर.’

पान उलटलं. कमलाक्का. पुढचं पान, कमलाक्का. वही अर्धी भरली होती.  शेवटचं पान त्याच सकाळचं होतं.

‘अक्कांना राग आला की त्यांचा आवाज आणखी गोड होतो. आज माझ्याशी फार फार गोड बोलल्या.’