एसीतले जगज्जेते

आमच्या कॉम्प्युटर सेलमधली माणसं आता फारशी भेटत नाहीत. पण एखाद्या लग्नात दोघं जरी समोरासमोर आलो, तरी तब्येतीची चौकशी एका वाक्यात उरकते आणि मग हसणं सुरू होतं. बायका विचारतात काय झालं. सांगितलं, तर त्यांना ते तितकंसं गमतीचं वाटत नाही. एक किस्सा निघाला की दुसरा त्याला चिकटून येतो, आणि तिथं खरं काम काय केलं ते मात्र कोणालाच धड आठवत नाही.

काम होतं विहिरी आणि हातपंपांचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरातल्या आमच्या सरकारी ऑफिसात गावोगावच्या पाण्याची माहिती कागदांवर पडून होती. ती भरायला एक कॉम्प्युटर आला. तो तापू नये म्हणून त्याच्या खोलीला एसी लावला. आम्ही इतकी वर्षं तापत होतो, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं! मशीन सांभाळायला आम्ही तिघं: अशोक रामटेके, मनोहर पराते आणि मी. देवळात जाताना काढतात तशा चपला बाहेर काढून आत जायचं.

अशोकच्या साळ्यानं हैदराबादहून एका फ्लॉपीत खेळ आणून दिला. हिरव्या अक्षरांचा स्क्रीन, त्यावर जगाचा नकाशा. प्रत्येकाला एक शहर मिळायचं. शेती करा, रस्ते बांधा, फौज उभारा आणि जग जिंका. आपली चाल झाली की दुसऱ्याची, सगळ्यांची झाली की कॉम्प्युटरची. शहरांना नावं आपण द्यायची. अशोकची राजधानी त्याच्या वस्तीवरून इंदोरा, मनोहरची त्याच्या गावावरून उमरेड. मी वाडीला ट्रकवाल्यांच्या गोडाउनांमागे खोली करून राहत होतो, म्हणून माझी वाडी. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता साम्राज्यं चालायची. मे महिन्यात ही सुट्टी जरा लांबायची.

*

एका दुपारी कॉम्प्युटरच्या एका शहराला आम्ही वेढा घातला होता. त्याच्या चारी बाजूंनी धानाची शेती दिसायची, म्हणून आपसात आम्ही त्याला कुही म्हणायचो. मनोहरचं म्हणणं होतं, आत्ताच फौज घालू. अशोकला घाई पसंत नव्हती.

"कुहीचं पानी तोड," तो म्हणाला. "चार-सहा चाली उपाशी राहू दे. आपोआप पायावर येते."

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर खऱ्याखुऱ्या कुही तालुक्यातल्या एका गावचे सरपंच बसले होते. हातपंपाच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला सकाळपासून आले होते. ते उठले, चपला काढल्या, आत आले आणि हात जोडून उभे राहिले.

"साहेब, मागच्या खेपेले तुमच्या मान्सायच्या जेवनाची सोय नाही झाली, त्याच्यावरून हे होय काय?"

अशोकनं स्क्रीन बंद केला. त्या गावाला त्याच पंधरवड्यात हातपंप लागला. आमच्या सेलचं इतकं जलद काम त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

*

आमचे साहेब म्हणजे आगाशे. पुण्याचे. घरची मंडळी तिकडे, हे इथं एकटे. एक दिवस ते न सांगता आत आले आणि आमच्या मागे उभे राहिले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. अशोक न अडखळता म्हणाला की नियोजन चाललंय. साहेबांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. लोकसंख्या, धान्य, रस्ते, सगळं होतं तिथं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आपल्यालाही एक शहर द्यायला सांगितलं.

साहेबांनी फौज ठेवली नाही. त्यांचं म्हणणं होतं की आधी पायाभूत सोयी व्हायला पाहिजेत. महिनाभर ते रोज जेवणानंतर येत आणि रस्ता बांधत. राजधानीपासून थेट सीमेपर्यंत रस्ता नेला त्यांनी. जगात तसा रस्ता दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

पूर्ण झाला त्याच चालीत कॉम्प्युटरची फौज त्या रस्त्यानं आली आणि राजधानी घेऊन गेली.

आम्ही फायली उघडल्या. साहेबांचा अपमान व्हायला नको होता. पण ते शांतपणे नकाशाकडे पाहत राहिले.

"किती लवकर पोचले बघा," ते म्हणाले.

*

अशोकचे आईवडील दीक्षाभूमीवर बौद्ध झाले, तेव्हा तो आईच्या पोटात होता. नाव आधीच ठरलं होतं, असं तो सांगायचा. स्वभावानं इतका मऊ माणूस की एसीत शिरलेली पालसुद्धा तो कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. पण कीबोर्डवर हात ठेवला की त्याच्यासारखा निर्दय राजा नाही. शेजारची राज्यं त्यानं एकामागून एक जाळत नेली. माझी वाडी तर पहिल्याच आठवड्यात गेली.

एकदा कॉम्प्युटरचं सगळ्यात मोठं शहर त्यानं घेतलं. इतके मेले, इतके कैद झाले, असे आकडे स्क्रीनवर आले. अशोक ते वाचत राहिला. मग त्याची चाल आली. त्यानं काहीच न करता ती सोडून दिली. पुढचीही सोडली.

आता कॉम्प्युटरचं फक्त समोरचं एक राज्य राहिलं होतं, आणि ते अगदी दुबळं होतं. मनोहरला राहवेना.

"काहून थांबला गा?"

"कलिंग झालं," अशोक म्हणाला. "आता थांबा लागते."

तेव्हापासून त्याच्या राज्यात फक्त विहिरी खोदल्या गेल्या. मनोहरला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली. "नाव दुसरं ठेवलं असतं तर आज जग आपलं होतं," असं तो चहाच्या वेळीही म्हणत होता.

*

मनोहर उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातला. त्याचे वडील अजून हातमागावर बसत. काही कामानं नागपुरात आले, की दुपारचं ऊन टाळायला आमच्या खोलीत येऊन बसायचे. थंड हवेत त्यांना लगेच झोप लागायची.

एकदा मात्र ते जागे होते आणि मुलाच्या मागे बसून बघत होते. मनोहर एकेक चौकोन घेत डावीकडून उजवीकडे चालला होता. हे सरकारी काम आहे का, असं त्यांनी विचारलं. मनोहरनं हो म्हणून टाकलं. मग आज काय काय केलं, ते त्यांना ऐकायचं होतं. मनोहरही रंगात आला होता. अर्धी आफ्रिका घेतली, म्हणाला, उद्यापर्यंत बाकीची येईल.

म्हाताऱ्यानं ते नीट ऐकून घेतलं.

"अर्धी आफ्रिका घेतली म्हनतं," ते म्हणाले, "मंग तुह्या मायले एक फ्यान काहून नाही घेऊन देत?"

पुढच्या रविवारी मनोहर उमरेडला पंखा घेऊन गेला. बसच्या टपावर बांधून.

*

मग भांडण झालं. नवा डाव सुरू होता. अशोक आणि मनोहर यांच्यात तह होता की एकमेकांच्या शहरांना हात लावायचा नाही. मनोहर दोन दिवस रजेवर गेला. परत आला तर त्याचं एकुलतं एक बंदर अशोकच्या ताब्यात. अशोकचं म्हणणं होतं की कॉम्प्युटर ते घेणारच होता, म्हणून आपण आधी घेतलं. मनोहरनं त्याच्याशी बोलणं सोडलं. एका टेबलावर बसायचे दोघं, पण मनोहर फाइल माझ्याकडे द्यायचा आणि मी ती अशोककडे सरकवायची. डबा तो बाहेर व्हरांड्यात खायला लागला, त्या उन्हात. आम्हाला वाटलं होतं दोन दिवसांत निवळेल, पण पावसाळा जवळ आला तरी निवळलं नाही.

एका दुपारी उमरेडहून फोन आला की मनोहरच्या वडलांना ऊन लागलं, बेशुद्ध पडलेत. मनोहरचा चेहराच उतरला. बसला तासभर वेळ होता. अशोकनं काही न बोलता स्कूटरची किल्ली उचलली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मनोहर त्याच्या मागे गेला.

पुढचं अशोकनं सांगितलं. उन्हाची लू अशी चालली होती की डोळे उघडवत नव्हते. अर्ध्या रस्त्यात एका टपरीवर पाणी प्यायला थांबले, तिथं मनोहर गिलास हातात घेईना. अशोकनंच त्याला गिलास धरून पाजला.

तेव्हा मनोहर पहिल्यांदा बोलला. "बंदर वापस करशीन काय?"

"करतो ना गा," अशोक म्हणाला. "पहिले बुढ्याले तं पाहू."

म्हातारा दवाखान्यात उठून बसला होता आणि पन्हं पीत होता. अशोक रात्री तिथंच राहिला.

सोमवारी त्यानं बंदर परत दिलं. मी दोघांच्या मध्ये उभा होतो, मला जरा भरून आल्यासारखं झालं होतं. मनोहरनं स्क्रीन नीट तपासला.

"याच्यातले जहाज कुठं गेले?" त्यानं विचारलं.

*

आगाशे साहेबांची बदली झाली, तेव्हा निरोपाला काय द्यायचं यावर आमचा विचार चालला होता. शेवटी आम्ही आमची तिन्ही राज्यं बंद केली आणि सगळं मशीन त्यांना एकट्याला खेळायला दिलं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. या वेळी साहेबांनी फौज ठेवली. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी कॉम्प्युटरचं एकच शहर उरलं होतं, समुद्राच्या काठाला. साहेबांची जहाजं त्याच्यासमोर उभी. आमच्यापैकी कोणीच तोपर्यंत जग जिंकलं नव्हतं.

स्क्रीनवर प्रश्न आला की हल्ला करायचा का, वाय किंवा एन.

साहेबांनी बोट वायवर नेलं. मग हात मागे घेतला आणि पुण्याला ट्रंक कॉल लावायला सांगितला. लाइन लागेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो. ते शहर लुकलुकत होतं.

फोन त्यांच्या मिसेसनी घेतला असावा.

"मी बोलतोय," साहेब म्हणाले. "नाही, सगळं ठीक. एक विचारायचं होतं. सगळं झालंय, एकच राहिलंय. घेऊ का?"

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. साहेब ऐकत होते. मध्येच एकदा "हो, घरात ठेवायला जागा नाही, ते मला आठवतंय" एवढंच म्हणाले. मग त्यांनी हळूच फोन खाली ठेवला आणि चष्मा पुसला.

त्यांनी एन दाबला.

"चला," ते म्हणाले, "जेवून घेऊ."