फौजदाराच्या वाटीतली कांडी

माझ्या साळ्याएवढा डोकं खाणारा माणूस नागपूर जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच तर त्याला माझं घर दाखवू नका. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. कळमेश्वरला कोंबड्यांचं खाद्य तयार करणारा एक कारखाना आहे, तिथं त्यानं जन्म काढला. मका, शेंगदाण्याची ढेप, मासळीचा चुरा आणि आणखी काय काय दळून, वाफवून त्याची बारीक कांडी पाडतात. ही कांडी म्हणजे ह्या माणसाचं कुलदैवत. त्याच्या मते जगातलं सगळं खाणं कांडीत आलं आहे, आणि बाकीचे लोक उगाच चुली पेटवून धूर करत बसलेत. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोती चढवून घेता घेता आणि ड्रायव्हरांना शिव्या देता देता म्हातारा झालो. मला शास्त्र समजत नाही. पण दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊन, बहिणीच्या हातचं चाटूनपुसून खाऊन, वर जो माणूस म्हणतो की 'याच्यात प्रोटीन कमी हाये', त्याला काय म्हणावं हे मला शाळेत न जाताही समजतं.

कांडी बरोबर पडली की नाही, हे तो चावून पाहायचा. ही सवय कारखान्यापुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. माझ्या पोरीच्या लग्नात पंगत बसली होती. यानं बुंदीचा लाडू फोडला, वास घेतला, दोन बोटांत चुरून पाहिला आणि व्याह्यांच्या देखत जाहीर केलं, "ओल जास्त हाये भाऊजी. हप्त्याभरात बुरशी धरन." व्याह्यांनी तोंडाशी नेलेला लाडू खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहू लागले. बायको तिथंच वाढत होती. ती म्हणाली, "तू जेव चूपचाप. हप्ताभर राहायचा नाही तो." सगळी पंगत हसली. तिचं असंच होतं. मी ज्या माणसाला दोन तास शिव्या देईन, त्याला ती एका वाक्यात खाली बसवायची.

दुसरी खोड हाड पाहायची. पाखरू भरलेलं आहे की खंगलेलं, हे त्याच्या छातीच्या हाडावर बोट फिरवून समजतं म्हणे. हाड बोटाला धारेसारखं लागलं की समजा पाखरू वाळलं. कोंबडीपुरतं ठीक आहे. हा माणसांचंही पाहायचा. मायेनं खांद्यावर हात ठेवल्यासारखा करायचा आणि बोटं गळ्याखालच्या हाडावर. एका उन्हाळ्यात आमच्या पोस्टमनला पाणी देता देता त्यानं त्याचं हाड पाहिलं आणि सांगितलं, "भाऊ, तुमाले जंत झाले." त्या दिवसापासून तो पोस्टमन पत्रं फाटकाबाहेरूनच फेकायला लागला. स्वतः लग्न मात्र केलं नाही. मी विचारलं तर म्हणे, "पोरीच्या बापानं हाड पाहू दिलं नाही." हे तो हसत बोलला की खरंच, मला आजपर्यंत समजलं नाही.

आता फौजदाराचं सांगतो. फौजदार म्हणजे बायकोनं पाळलेला पोपट. फाटकाशी कोणीही आलं की दरडावल्यासारखा ओरडायचा, म्हणून तिनं हे नाव ठेवलं. बोलायला एक अक्षर शिकला नाही, पण ओरडण्यात मोठमोठे हवालदार फिके पडावेत. पिंजरा छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, टांगलेला. दुपारी घरातलं आटोपलं की ती ताट घेऊन पिंजऱ्याखाली बसायची आणि त्याच्याशी भांडत भांडत जेवायची. भिजवलेली चण्याची डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची, भाकरीचा तुकडा. "फेकू नको रे मुडद्या, झाडून काढाले मलेच लागते," असं तिचं चालायचं. मी गोदामातून जेवायला घरी आलो तर दोघांनाही माझी अडचणच व्हायची.

ती गेली. दिवस झाले, पाहुणे गेले, पोरगी आपल्या सासरी गेली. घरात मी आणि फौजदार उरलो, आणि फौजदारानं खाणं सोडलं. डाळ ठेवली तर डाळ आंबून जायची, पेरू काळा पडायचा. ओरडणंही बंद. फाटकातून कुत्रं आत आलं तरी नुसता पाहत राहायचा. तिच्या हातानं वाढलेल्या जिवांपैकी घरात आम्ही दोघंच होतो. त्यातला हा चालला होता, आणि माझा काही भरवसा नव्हता. अशा वेळी माझा साळा एका डब्यात कांडी घेऊन आला.

"भाऊजी, याचं पोट बाईनंच नासवलं," बसायच्या आधीच त्यानं सुरू केलं. बहिणीला तो बाई म्हणायचा. "नुसती मिरची अन् डाळ! कुठून ताकद येईन त्याले? कोंबडी पाखरू, पोपट पाखरू. ही घ्या कांडी."

"ती जाऊन महिना नाही झाला गा," मी म्हटलं, "अन् तू तिच्या चुका काढून राहिला?"

"चुका नाही काढून राहिलो. शास्त्र सांगून राहिलो."

शास्त्राला मासळीचा वास येत होता. फौजदारानं एक कांडी उचलली, नीट पाहिली आणि पाण्याच्या वाटीत टाकली. मग दुसरी टाकली. थोड्या वेळात वाटीत चिखल झाला. साळ्याला वाटलं, पोपटाला भरवसा वाटत नसेल. त्यानं पिंजऱ्यासमोर उभं राहून एक कांडी स्वतःच्या तोंडात टाकली आणि कडकड चावली. "हे पाहा, मी खाऊन राहिलो. मले काही झालं?"

"मंग उद्यापासून अंडे देत जाय," मी म्हटलं.

रोज संध्याकाळी तेच. कारखाना सुटला की हा कळमेश्वरच्या बसनं सरळ माझ्याकडे. कांडी बदलून आणायचा, वाद घालायचा, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. मी तो झटकायचो. शेवटी एके दिवशी त्यानं कांडी कुटून गुळात कालवली. गुळाच्या लोभानं फौजदारानं चार चोची मारल्या. साळ्यानं असा आरडाओरडा केला की शेजारीण कुंपणापाशी येऊन काय झालं विचारू लागली.

दुसऱ्या दिवशी फौजदार पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसला होता. नुसतं पाणी पीत होता, पातळ हगत होता. साळा संध्याकाळी आला, पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता गेला. मला वाटलं, संपलं. आता सकाळी पिंजरा उतरवायचा.

सकाळी तो जिवंत होता. आणि भर दुपारी, ज्या माणसानं आजारपणातही कारखाना चुकवला नाही, तो साळा घामानं निथळत फाटकातून आत आला. आला तो तडक पिंजऱ्याकडे. वाटी काढली, डबा उचलला, कुटलेली कांडी उकिरड्यावर टाकली आणि वाटी राखेनं घासत बसला. घासली, धुतली, पुन्हा घासली.

"काहून गा, डोस्कं फिरलं का?"

"कारखान्यात डॉक्टर आला होता. ढोरायचा. त्याले इचारलं." मान वर न करता तो बोलत होता. "अंड्यावरच्या कोंबडीची कांडी हाये ती. त्यात चुना जास्त असते, टरफलासाठी. अन् कोंबड्याच्या बिमारीची दवाई. कोंबडीले चालते. याले नाही." मग वाटी पुन्हा पाण्यात बुचकळत म्हणाला, "नुसती डाळ-मिरचीही पुरी नाही म्हणे. पाला, फळ, सगळं थोडं थोडं पायजे. बाहेरदेशात पोपटाची कांडी निघते, पण ती वेगळी. त्याच्यासाठीच बनवतात."

"मंग?"

"मंग काही नाही. निघते ना पण कांडी!" एवढं तो बोलला खरा, पण आवाजात दम नव्हता. वाटी हातात धरून छपरीच्या फरशीवर बसला. "बाईचं पाखरू मीच मारलं असतं भाऊजी."

मी त्याच्या हातातली वाटी घेऊन पिंजऱ्यात परत लावली. मग तो म्हणाला, "भूक लागली. जेवाले काय हाये?"

जेवायला काही नव्हतं. चहा-टोस्टवर माझं चाललं होतं. स्टोव्ह पेटवला, वरण-भात लावला. भात खाली लागला, वरणात मीठ जास्त. त्यानं चव पाहून सांगितलंच ते. आत गरम व्हायचं म्हणून ताटं छपरीत आणली, आणि दोघं पिंजऱ्याखाली बसलो, जिथं ती बसायची तिथंच. मी पहिला घास घेतला. वर खुडखुड झाली. फौजदार तळातून उठून सळईला धरून चढला, माझ्या ताटाकडे मान वाकडी करून पाहिलं आणि असा दरडावून ओरडला की साळ्याच्या हातातला घास पडला. मी दोन शितं पुढं केली. खाल्ली त्यानं. साळ्यानं येताना आणलेलं पालकाचं पान दिलं, तेही फाडून खाल्लं. खाल्लं कमी, सांडलं जास्त.

"कळपाचा जीव हाये!" साळा लगेच शास्त्रावर आला. "कोंबडीचं असंच असते. एक टोचाले लागली की साऱ्या टोचतात. तुम्ही उपाशी, तर तो कसा खाईन? मी तुमाले पहिल्या दिवशीच सांगून राहिलो होतो!"

यातलं एक अक्षर तो पहिल्या दिवशी बोलला नव्हता. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हा माझ्याकडे जेवू लागला. माझ्यासाठी नाही, फौजदारासाठी. पोपटानं खावं म्हणून आम्ही दोन म्हातारे समोर बसून जेवायचो. रोज भाताला नाव, रोज वरणाला नाव, आणि जाताना खांद्यावर हात. "हाड अजून लागते भाऊजी. तूप वाढवा." मी हात झटकायचो. मग कधीतरी झटकायचं राहून गेलं.

पुष्कळ वर्षं हे चाललं. फौजदार गेल्या हिवाळ्यात म्हातारा होऊन गेला. झोपल्यासारखा गेला. परसातल्या पेरूखाली आम्ही त्याला पुरला. साळा तोवर कारखान्यातून रिटायर झाला होता. मला वाटलं, आता हा काहून येईल? पोपट नाही, कारण नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवला नव्हता. फाटक वाजलं. कोणी दरडावलं नाही, त्यामुळे फाटक किती कुरकुरतं ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. साळा आत आला, रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "छपरीतच बसू. इथं हवा बरी लागते."

हवा काही नव्हती. मी भात टाकला. पिंजऱ्याखाली ताटं मांडली. तो बसला, भात चिवडला, म्हणाला, "पाणी जास्त झालं." वाढायला वाकलो तेव्हा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बोटं थोडी पुढं नेली. हाड लागलं. चांगलं धारेसारखं लागलं. मी त्याच्या ताटात आणखी एक डाव भात टाकला, वर तुपाची धार धरली.

"एवढा काहून वाढून राहिले?" तो म्हणाला.

"तू जेव चूपचाप," मी म्हटलं.